टेबलावरची टाकी : किती पाणी, कोणती झाडं, कोणाचं घर?

एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची टाकी काठोकाठ भरली तर तिच्यात साधारण २८ लिटर पाणी मावतं. माती, दगड, लाकूड घातलं, वरची दोन-तीन बोटं जागा मोकळी ठेवली की उरतं ते वीस-बावीस लिटर. लिहायच्या टेबलावर ठेवता येईल अशी, झाडांनी भरलेली ही टाकी गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांतल्या घरांत आणि कचेऱ्यांत चांगलीच रुळली आहे. ती कशी उभी करायची याबद्दल दुकानदार एक सांगतो, जुना हौशी माणूस दुसरं सांगतो आणि पुस्तकात तिसरंच असतं. या मतभेदांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : इतक्या थोड्या पाण्यात झाडं आणि प्राणी वर्षानुवर्षं नीट जगू शकतात का? जगू शकत असतील तर कोणते, आणि कोणत्या पद्धतीने? प्रश्न पावणेदोनशे वर्षं जुना आहे. त्यातला काही भाग सुटला आहे, काही अजून सुटलेला नाही.

समतोलाची कल्पना

१८५०मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी तिथल्या केमिकल सोसायटीपुढे आपला एक प्रयोग मांडला. पाण्याच्या भांड्यात त्यांनी दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचं रोप ठेवलं होतं. माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडाने घ्यावा, झाडाने दिलेला प्राणवायू माशांना मिळावा, अशी मांडणी. काही काळाने जुनी पानं कुजू लागली आणि पाणी गढूळलं. मग वॉरिंग्टन यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि पाणी पुन्हा निवळलं. पुढे १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडलं, १८५४मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अॅक्वेरियम’ आलं आणि काचेच्या टाकीची हौस इंग्लंडभर पसरली. टाकी म्हणजे स्वतःत पूर्ण असलेलं, तोललेलं जग, ही समजूत त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं टिकली.

तिला ठाम आव्हान दिलं ते न्यूयॉर्क अॅक्वेरियमच्या जेम्स अॅट्झ यांनी, १९४९मध्ये. त्यांचं म्हणणं असं की टाकीतल्या वायूंची देवाणघेवाण मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागावर होते, झाडांचा त्यातला वाटा मानला जातो तेवढा नाही. शिवाय रात्री झाडंही प्राणवायू घेतात. त्यामुळे झाडं लावली म्हणून जास्त मासे ठेवता येतात, हा हिशेब चुकीचा आहे.

प्राणवायूपुरतं अॅट्झ यांचं बरोबर आहे, असंच आज मानलं जातं. पण वॉरिंग्टन यांच्या प्रयोगातला महत्त्वाचा भाग मला वायूंचा वाटतच नाही. कुजणाऱ्या गोष्टीचं काय करायचं, हा प्रश्न त्यांना भांड्यातच दिसला आणि त्यांनी त्याचं उत्तरही शोधलं. छोटी टाकी बहुतेक वेळा बिघडते ती तिथेच.

ज्यावर वाद उरलेला नाही

मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं आणि मेलेली पानं कुजूनही अमोनियाच तयार होतो. तो किती घातक, हे पाण्याच्या पीएचवर आणि तापमानावर ठरतं. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्ध्या टक्क्याच्या आसपासच भाग विषारी, मुक्त रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणून एकाच मापाची चूक एका घरात खपून जाते आणि दुसऱ्या घरात मासे मरतात.

या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव असतात, हे सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९०च्या सुमारास दाखवून दिलं. हौशी पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावं अजून छापली जातात. मात्र गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइटवर काम करणारे जिवाणू मुख्यतः नायट्रोस्पायरा गटातले असतात, असं १९९८मध्ये टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. २०११मध्ये टाक्यांच्या फिल्टरांत अमोनियावर जगणारे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव मोठ्या प्रमाणात सापडले. २०१५मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकट्याने पार पाडणारा नायट्रोस्पायरा सापडला. हे सूक्ष्मजीव दमाने वाढतात. नव्या टाकीत त्यांचा पुरेसा थर बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी मासे सोडू नयेत, यावर जाणत्यांमध्ये दुमत नाही. दुकानात मात्र टाकी आणि मासे अजून एकाच दिवशी, एकाच पिशवीतून विकले जातात.

मतभेद आहेत ते या आठवड्यांत काय करायचं यावर. काहीजण रिकाम्या टाकीत मोजून अमोनिया घालतात आणि टेस्ट किटवर नायट्राइट शून्यावर येईपर्यंत थांबतात. काहीजण बाटलीबंद जिवाणू ओततात. त्यांचा गुण ब्रँडनुसार आणि बाटली किती काळ, कुठल्या उन्हात पडून होती यानुसार इतका बदलतो की त्यावर एकमत होणं अवघड आहे. तिसरा पक्ष म्हणतो की पहिल्याच दिवशी टाकी झाडांनी गच्च भरा. जिवाणू बसेपर्यंत अमोनिया झाडंच शोषून घेतील. छोट्या टाकीत मला हा तिसरा पक्ष जास्त पटतो, पण एका अटीवर. झाडं खरोखर गच्च हवीत आणि त्यांत भराभर वाढणारी हवीत. चार अॅनुबियास लावून हे साधत नाही.

इथेच आकाराचं गणित येतं. खाण्याची एकच चिमूट २०० लिटरमध्ये जितका अमोनिया वाढवते, त्याच्या दहापट २० लिटरमध्ये वाढवते. पाणीही दहापट वेगाने तापतं किंवा गार होतं असं नाही, पण वेग नक्कीच वाढतो. छोटी टाकी सोपी, हा समज इथे कोलमडतो.

अमानो आणि वॉल्स्टॅड

झाडांच्या टाकीबद्दलचा आजचा विचार दोन टोकांमध्ये फिरतो. एका टोकाला जपानचे तकाशी अमानो (१९५४–२०१५) आहेत. ते मूळचे छायाचित्रकार. टाकी हे त्यांनी निसर्गदृश्य मानलं, दगड आणि लाकूड यांच्या मांडणीला जपानी बागेची शिस्त लावली आणि १९८२मध्ये त्यासाठीच्या साहित्याची स्वतःची कंपनी काढली. शेवाळ खाणारी कॅरिडिना मल्टिडेंटाटा ही कोळंबी त्यांच्यामुळेच जगभरच्या टाक्यांत पोचली आणि ‘अमानो श्रिम्प’ म्हणून ओळखली जाऊ लागली. लिस्बनच्या ओशनारियममध्ये २०१५मध्ये उघडलेली, ४० मीटर लांबीची आणि १ लाख ६० हजार लिटरची टाकी हे त्यांचं शेवटचं मोठं काम. त्यांच्या पद्धतीत प्रखर दिवे, भाजलेल्या मातीचे पोषक दाणे, सिलिंडरमधून सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि वरचेवर पाणी बदलणं या चार गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतात. हवेशी समतोल साधलेल्या साध्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरमागे एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी असतो. या पद्धतीत तो ३०पर्यंत नेतात. गालिच्यासारखी पसरणारी बारीक झाडं आणि रोटालाची लालबुंद पानं मिळतात ती बहुतांशी यामुळे.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेच्या डायना वॉल्स्टॅड आहेत. त्यांचं ‘इकॉलॉजी ऑफ द प्लँटेड अॅक्वेरियम’ १९९९मध्ये आलं. तळाला इंचभर साधी बागेतली माती, तिच्यावर इंचभर बारीक खडी, खिडकीतला उजेड, भरपूर झाडं. सिलिंडर नाही आणि पाणी बदलणंही क्वचित. झाडांना लागणारा कार्बन मातीतलं सेंद्रिय द्रव्य आणि माशांचं खाणं कुजून मिळतो, असं त्या म्हणतात. बहुतेक जलवनस्पती नायट्रेटच्या आधी अमोनियम शोषतात, म्हणून टाकीतला खरा फिल्टर झाडंच आहेत, हा त्यांचा मुख्य मुद्दा. त्यांनी पुढे चार-आठ लिटरच्या भांड्यांतही फिल्टरशिवाय छोट्या कोळंब्या वाढवल्या आणि त्यावर लिहिलं.

या दोन टोकांच्या मधे खतांचा वाद आहे. १९९६मध्ये पॉल सीअर्स आणि केविन कॉन्लिन यांनी असं मांडलं की बाकी सगळं द्यावं, फॉस्फेट मात्र तुटपुंजं ठेवावं, म्हणजे झाडं जिंकतात आणि शेवाळ हरतं. त्यानंतर टॉम बार यांनी फॉस्फेट मुद्दाम वाढवून पाहिलं. तेवढ्याने शेवाळ येत नाही, असा त्यांचा अनुभव. सगळी खतं गरजेपेक्षा थोडी जास्तच द्यावीत आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदलून साठलेलं काढून टाकावं, अशी त्यांची पद्धत. मग शेवाळ कशामुळे येतं? झाडांना न पेलणारा उजेड, सुरुवातीचा अमोनिया, कमीजास्त होणारा कार्बन डायऑक्साइड, वाढ खुंटलेली झाडं ही कारणं बहुतेकजण मान्य करतात. त्यांतलं पहिलं कोणतं, हा वाद मिटलेला नाही.

मोठ्या टाकीत हा वाद पैशांचा आणि कष्टांचा असतो. छोट्या टाकीत त्याचं रूप बदलतं. निम्मं पाणी बदलायचं म्हणजे दहा-अकरा लिटर, एक बादली. त्यामुळे बार यांची पद्धत इथे सहज परवडते. उलट सिलिंडर आणि त्याचा रेग्युलेटर टाकीपेक्षा महाग पडतात. साखर-यीस्ट किंवा सायट्रिक आम्ल आणि खायचा सोडा वापरून घरी गॅस करणारे पुष्कळ आहेत. पण वीस लिटरमध्ये गॅसचा प्रमाणाबाहेर साठा व्हायला वेळ लागत नाही, आणि त्यात सगळ्यात आधी प्राणी जातात. प्राणी ठेवायचे असतील तर पहिली टाकी गॅसशिवाय करावी, असं माझं मत आहे. क्रिप्टोकोरायनी, जावा मॉस, जावा फर्न, अॅनुबियास आणि वर तरंगणारं थोडं काही एवढ्यावर टाकी हिरवीगार राहते. दिवा दिवसाला सहा ते आठ तास पुरतो.

मातीबद्दल एक गोष्ट दोन्ही पक्षांना लागू आहे. भाजलेल्या मातीचे नवे दाणे काय किंवा बागेतली माती काय, पहिले काही आठवडे दोन्ही अमोनिया सोडतात. म्हणून काहीजण माती पाण्याखाली ठेवून काही आठवडे दिवाच लावत नाहीत. काहीजण पाणी न भरता ओल्या मातीत झाडं रुजवतात. दोन्हींना चांगले अनुभव आहेत. नव्याने लावलेल्या क्रिप्टोकोरायनीची पानं विरघळून गेलेली पाहून माणूस हबकतो आणि रोप उपटून टाकतो. मूळ जागेवर राहू दिलं तर नवी पानं येतात.

आपलं पाणी, आपला उन्हाळा

परदेशी पुस्तकांतला हीटरवरचा मजकूर आपल्या बहुतेक गावांत सोडून पुढच्या पानावर जायला हरकत नाही. आपला प्रश्न उन्हाळ्याचा आहे. पाणी २० अंशांना असताना लिटरमध्ये साधारण ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना ७.५. विदर्भात मे महिन्यात टेबलावरच्या टाकीचं पाणी याहीपेक्षा तापतं. पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश गार होतं. पण उडून जातं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. म्हणून रोजची भर कमी क्षारांच्या पाण्याने घालावी, बोअरच्या नव्हे. कचेरीतल्या टाकीचा धोका वेगळा आहे. आठवडाभर एसी चालू आणि शनिवार-रविवार बंद, यात पाण्याचं तापमान सतत वरखाली होतं.

पाण्याच्या मूळ गुणाबद्दल घाऊक सल्ला देता येत नाही. तानसा, वैतरणा, भातसा यांचं मुंबईत येणारं पाणी मऊ आहे, तर दख्खनच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. मऊ पाणी क्रिप्टोकोरायनीला आणि छोट्या रासबोरांना मानवतं, जड पाणी व्हॅलिस्नेरियाला आणि गप्पीला. सरसकट आरओचं पाणी भरणं हा उपाय नाही. त्यात कॅल्शियम इतकं कमी असतं की कोळंबीला कात टाकून नवं कवच धरणं जड जातं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन रात्रभर उघडं ठेवून बराचसा जातो, क्लोरामाइन मात्र जात नाही. त्यासाठी सोडियम थायोसल्फेट असलेलं औषध घालावं लागतं, आणि क्लोरामाइन फुटून सुटलेल्या अमोनियाकडेही लक्ष ठेवावं लागतं.

कोण राहावं?

सगळ्यात भावनिक वाद इथे आहे. इटलीत मोंझा आणि पाठोपाठ रोम या शहरांनी २००४-०५च्या सुमारास गोल भांड्यात मासे ठेवायला बंदी केली. आपल्याकडे केंद्र सरकारने मे २०१७मध्ये मत्स्यालयाच्या दुकानांसाठी प्राणी-क्रूरता प्रतिबंधक नियम काढले. त्यांतही गोल भांड्यांना मनाई होती. दुकानदारांच्या आणि उत्पादकांच्या विरोधानंतर ते नियम मागे घेण्यात आले. व्यवसायाची बाजू अशी होती की नियम व्यवहार्य नव्हते आणि हजारो घरांची रोजी त्यावर होती. प्राणिप्रेमींची बाजू अशी की मासा ओरडत नाही, म्हणून त्याचे हाल दिसत नाहीत. माशांना वेदना होतात का, यावर शास्त्रज्ञांतही दोन बाजू आहेत. ट्राउटच्या तोंडाजवळ वेदनाग्राही चेतातंतू असल्याचं आणि त्यांचं वागणं त्यानुसार बदलत असल्याचं लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये दाखवलं. ब्रायन की यांनी २०१६मध्ये त्याविरुद्ध मांडलं की वेदना जाणवायला लागणारी मेंदूची रचनाच माशांत नाही. स्नेडन यांच्या बाजूचा पुरावा मला जास्त भक्कम वाटतो. आणि शंका असेल तेव्हा तिचा फायदा माशाला मिळावा.

किती मासे, याचं जुनं सूत्र ‘गॅलनला इंचभर मासा’ असं होतं. ते सोयीचं आहे, पण लांबी दुप्पट झाली की शरीराचं वजन जवळजवळ आठपट होतं, हे त्यात धरलेलंच नाही. पोहण्याची सवयही त्यात नाही. आपल्याच नद्यांतला झेब्रा डॅनिओ जेमतेम दीड-दोन इंचांचा, पण सतत धावणारा. एक फुटाच्या टाकीत तो काचेवर आपटत राहतो. फायटर मासा हवेतूनही श्वास घेतो, म्हणून ग्लासात जगतो, असं दुकानदार सांगतात. हवेतून श्वास घेतल्याने प्राणवायूची अडचण सुटते. अमोनियाची सुटत नाही, तापमानाची सुटत नाही. त्याला एकट्याला, झाडांनी भरलेले वीस लिटर, ही मर्यादा आता बरेच जण मानतात.

वीस-पंचवीस लिटरमध्ये कळपाने राहतील असे मासे मोजकेच. बोर्निओचा दोन सेंटिमीटरपेक्षा लहान चिली रासबोरा आणि म्यानमारमध्ये २००६मध्ये सापडलेला सेलेस्टियल पर्ल डॅनिओ हे त्यांतले ठळक. ईशान्येकडच्या ओढ्यांतला दारिओ दारिओ सुंदर आणि लहान आहे, पण कोरडं खाणं बहुधा घेत नाही, जिवंत खाद्य लागतं. गप्पी सगळ्यांना ठाऊक, डासांसाठी आरोग्य खातं तो वाटतं. पण मादीच्या पोटात नराचं बीज महिनोन्महिने टिकतं आणि टाकी बघता बघता भरते. ठेवायचेच तर नुसते नर ठेवावेत. वीस लिटरच्या आत मासाच नको, असं मानणाऱ्यांत मीही आहे. तिथे चेरी श्रिम्प आणि गोगलगायी पुरेशा आहेत, आणि तासन्तास पाहण्यासारख्या आहेत. फक्त नर्सरीतून आणलेल्या झाडांवर कीटकनाशक असू शकतं. ते माशांना जाणवत नाही तिथे कोळंबीचा जीव घेतं. ऊतिसंवर्धित रोपांचे डबे महाग असले तरी याबाबतीत निर्धोक.

क्रमाबद्दल बोलायचं तर झाडं आधी, मग गोगलगायी, महिन्याभराने कोळंबी, आणि मासे सगळ्यात शेवटी, दोन महिन्यांच्या आत नाहीतच. घाई करणाऱ्यांची टाकी चालतच नाही असं नाही, पण तिची किंमत आतले जीव देतात.

ते येतात कुठून?

हा प्रश्न आढाव्यांत बहुतेक वेळा शेवटी येतो आणि थोडक्यात उरकला जातो. खरं तर तो आपल्या सगळ्यात जवळचा आहे. २००५ ते २०१२ या काळात भारतातून ३० संकटग्रस्त जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी निर्यात झाले, असं राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये दाखवलं. त्यांत केरळचा डेनिसन बार्ब होता, पी पफर होता, आणि कृष्णेच्या उगमाकडच्या, आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतला झेब्रा लोच होता. शेवटचे दोघे छोट्या टाकीत गोगलगायी खायला म्हणून विकले जातात. झेब्रा लोच वाहत्या पाण्यातला, घोळक्याने राहणारा मासा आहे. एक फुटाची टाकी त्याची जागा नव्हे. गोगलगायी वाढल्या असतील तर खाणं जास्त पडतंय एवढाच त्याचा अर्थ, ते कमी करावं.

झाडांचंही तसंच. साताऱ्याच्या सड्यांवर फुलणारा वायतुरा, कोकणातली क्रिप्टोकोरायनी कॉग्नाटा या आपल्याच पट्ट्यातल्या, फार थोड्या जागी वाढणाऱ्या जाती आहेत. त्या तिथेच राहाव्यात. उलट दिशेची काळजीही तेवढीच. टाकीच्या व्यापारातून फ्लोरिडात गेलेल्या हायड्रिलाने तिथली तळी आणि कालवे व्यापले, आणि आपली हायग्रोफिला पॉलिस्पर्मा अमेरिकेत उपद्रवी तण ठरली. कातरलेल्या फांद्या, नकोसे गप्पी, जास्तीच्या गोगलगायी नाल्यात किंवा तळ्यात टाकू नयेत. फांद्या उन्हात वाळवाव्यात, मासे दुकानात परत द्यावेत.

रानातून पकडलेला मासा घ्यावाच का, यावर मात्र दोन प्रामाणिक मतं आहेत. ब्राझीलमध्ये रिओ नेग्रोवरच्या बार्सेलोस गावातला ‘प्रोजेक्ट पियाबा’ अनेक वर्षं सांगतो आहे की कार्डिनल टेट्रा पकडून लोकांना उत्पन्न मिळतं, म्हणून ते जंगल राखतात. हा मासा शेततळ्यांत पैदा होऊ लागला की राखणीचं कारणच जाईल. केरळात उलट वाट धरली गेली. २००८मध्ये डेनिसन बार्ब पकडण्यावर निर्बंध आले, त्याची पैदास करण्याचं तंत्रही विकसित झालं. पण बंदीचा काळ माशाच्या खऱ्या विणीच्या हंगामाशी जुळत नाही, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. रिओ नेग्रोच्या पुराच्या जंगलात कार्डिनल अमाप असतो आणि फार दिवस जगत नाही. सह्याद्रीतल्या जाती मात्र मोजक्या ओढ्यांपुरत्या आहेत, त्यामुळे बार्सेलोसचा युक्तिवाद इथे तसाच्या तसा लावता येईल असं मला वाटत नाही. पैदास केलेला मासा बाजारात आल्यावर ओढ्यावरून मासे पकडणाऱ्या माणसाने काय करायचं, याचं उत्तर अजून दोन्ही बाजूंकडे नाही.